मोती, मनी आणि धोक्याची घंटा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त घरांच्या सुरक्षेवर झालेल्या सभेतील भाषण. स्मरणिकेसाठी थोडेफार नीटनेटके करून दिले आहे.)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. अशा प्रसंगी जुन्या आठवणी सांगायच्या असतात, पण त्या सांगणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. सचिवांनी माझ्याकडे वेगळाच विषय दिला. म्हणाले, “काका, तुम्ही बँकेत होते. तिजोऱ्या सांभाळल्या, अलार्म सांभाळले. आपल्या इथं जिकडे तिकडे सेन्सर लागून राहिले अन् रात्री-बेरात्री भोंगे वाजून राहिले. ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे त्यांनी काय करायचं, यावर बोला.” मी हो म्हणालो, कारण हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. खाप्यात पूर्वी सेन्सर नव्हते म्हणून पहारा नव्हता असं नाही. जुन्या गावात हातमाग चालायचे तेव्हा रात्री उशिरापर्यंत खटखट ऐकू यायची, गल्लीला जाग असायची. गुमगावच्या मँगनीज खाणीत पाळीवर जाणारी-येणारी माणसं रस्त्यानं दिसायची. ओट्यावर म्हातारी माणसं बसलेली असायची. परका माणूस गल्लीत शिरला की दहा डोळे त्याच्याकडे वळायचे. आज आपल्या सोसायटीत कित्येक घरांत दोनच माणसं राहतात, आणि काही घरांत तर एकच. मुलं नागपूर, पुणे, हैदराबाद, कोणाची परदेशात. त्यांना काळजी वाटते, म्हणून ती सेन्सर पाठवतात. म्हणजे ही भिंतीवरची पांढरी डबी त्या दहा डोळ्यांच्या जागी आलेली आहे. तिची टिंगल करून चालणार नाही. पण तिला किती कळतं आणि किती कळत नाही, हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

मी काही इंजिनिअर नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, अधिकारी म्हणून निवृत्त झालो. पण ज्याला शाखा सांभाळावी लागते त्याला अलार्मशी संसार करावाच लागतो. एका तालुक्याच्या शाखेत मी होतो तेव्हा पावसाळ्यात भोंगा आठवड्यातून दोनदा वाजायचा. रात्री दीड-दोनला शिपाई घरी येऊन कडी वाजवायचा. आम्ही टॉर्च घेऊन निघायचो, ठाण्यातून हवालदार यायचे. आणि सापडायचं काय? व्हेंटिलेटरमधून आत शिरलेलं एक मांजर! पाचव्या वेळी हवालदार म्हणाले, “साहेब, मांजरच असंल. सकाळी पाहू.” मंडळी, सुरक्षेच्या कामात यापेक्षा धोक्याचं वाक्य नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही व्हेंटिलेटरला जाळी बसवून घेतली. त्यानंतर त्या शाखेत माझी बदली होईपर्यंत भोंगा उगाच वाजला नाही. यंत्र तेच, जागा तीच. फक्त मांजराची वाट बंद झाली.

आम्ही बँकवाले ‘पत’ हा शब्द फार वापरतो. एकदा पत गेली की माणूस खरं बोलला तरी कोणी ऐकत नाही. अलार्मचंही तसंच आहे. अलार्मचं काम आवाज करणं हे नाहीच. माणसाला अंथरुणातून उठवणं हे त्याचं काम आहे. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली. अमेरिकेत तर तिचा सरकारी निर्णय झाला. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी २००० साली ठरवलं की, घरातला अलार्म वाजला एवढ्यावर आम्ही धावत येणार नाही, आधी कोणीतरी प्रत्यक्ष पाहून खात्री करा. कारण तिथं अशा कॉलपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक खोटे निघत होते. एवढ्या श्रीमंत देशातल्या पोलिसांना हे झेपलं नाही, तर आपल्या खापा ठाण्यातल्या मोजक्या माणसांकडून आपण काय अपेक्षा ठेवायची?

आता डबीच्या आत काय चालतं ते सांगतो. हिला पीआयआर सेन्सर म्हणतात. तो स्वतः कोणतेही किरण सोडत नाही, समोरून आलेली उष्णता फक्त टिपतो. प्रत्येक गरम वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघतात. विल्यम हर्शेल यांना १८०० साली त्यांचा शोध लागला तो साध्या थर्मामीटरनं. सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथं काहीच रंग दिसत नव्हता, तिथं थर्मामीटर ठेवला. पारा चढला. तुमच्या-माझ्या अंगातूनही असेच किरण सतत निघतात.

डबीच्या तोंडावर दुधी प्लॅस्टिकचं, बारीक रेघारेघांचं झाकण असतं. ते भिंग आहे. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी समुद्रावरच्या दीपगृहांसाठी अशा पातळ चकत्यांच्या भिंगाची कल्पना काढली. तीच इथं उलट्या कामाला लावली आहे. दीपगृहात भिंग प्रकाश बाहेर फेकतं, इथं ते खोलीतली उष्णता आत गोळा करतं. या भिंगामुळे खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पडतात. गरम शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेलं की आतल्या संवेदकाला फरक कळतो आणि तो पॅनेलला निरोप देतो. म्हणून निवांत झोपलेल्या कुत्र्यामुळे भोंगा वाजत नाही. ते उठून चाललं की वाजतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सेन्सर आडव्या चालीला तेज असतो, सरळ अंगावर चालून येणाऱ्या माणसाला तितका नाही. म्हणून तो कोपऱ्यात असा लावतात की चोराला त्याच्यासमोरून आडवं जावंच लागावं. दुसरी, साध्या खिडकीच्या काचेतून हे किरण आरपार येत नाहीत. काही जण म्हणतात, “बाहेर अंगणात कुत्रं फिरलं म्हणून हॉलमधला सेन्सर वाजला.” बंद काचेतून पीआयआरला बाहेरचं कुत्रं दिसत नाही. तिथं कारण दुसरंच असतं. मात्र ज्या सेन्सरमध्ये मायक्रोवेव्हही असतो, त्याच्या लहरी काच, प्लायवूड, पातळ पार्टिशन यांच्या पार जातात. तो घेतला असेल तर ताकद कमी करून खोलीपुरता ठेवायला सांगा. त्याचा फायदाही आहे. चांगल्या दुहेरी सेन्सरमध्ये उष्णता आणि हालचाल या दोन्हींची साक्ष जुळली तरच भोंगा वाजतो. आमच्या स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असायच्या, दोन वेगवेगळ्या माणसांकडे. एकट्यानं उघडतच नसे. हेही तसंच समजा.

आता मुख्य मुद्दा. दुकानदार सांगतो, “हा पेट-इम्यून सेन्सर आहे, पंचवीस किलोपर्यंतचं कुत्रं चालतं.” खोक्यावरही तसं छापलेलं असतं. आपण घरच्या कुत्र्याचं वजन मनातल्या मनात करतो आणि निश्चिंत होतो. पण राजेहो, त्या डबीच्या आत तराजू नाही! ती वजन करत नाही. उष्णतेचा ठिपका केवढा आहे, किती उंचीवर आहे आणि किती पट्टे एकदम ओलांडतो, एवढंच तिला कळतं. जमिनीलगतचे पट्टे तिथं बंद किंवा कमजोर केलेले असतात. कुत्रं फरशीवर चालेल आणि सेन्सर ठरलेल्या उंचीवर, म्हणजे साधारण सात ते आठ फुटांवर, सरळ लावलेला असेल, हे गृहीत धरून ते पंचवीस किलो लिहिलेलं असतं. कुत्रं दिवाणावर चढलं, सोफ्याच्या पाठीवर पाय टेकून खिडकीतून पाहू लागलं, जिन्यानं वर निघालं, की ते उंच झालं. मग सेन्सरच्या लेखी ते माणूसच. दोन कुत्री एकमेकांच्या अंगावर खेळली तरी ठिपका मोठा होतो. आणि मांजर? मांजर चार किलोचं असलं तरी फ्रिजवरून कपाटावर आणि कपाटावरून माळ्यावर जातं. सेन्सरच्या नाकासमोरून गेलं तर हत्तीएवढं दिसतं. जवळची वस्तू मोठी दिसते, हा साधा नियम आहे.

हे सगळं मला इतकं बारकाईनं का पाहावं लागलं, ते आता सांगतो. नाव घेत नाही. आपल्याच सोसायटीतल्या एक भगिनी आहेत. यजमान गेल्यावर त्या एकट्या राहतात. सोबतीला मोती. लॅब्राडॉरच्या वळणाचा, आठ वर्षांचा, वजन तीस किलोच्या आसपास. मुलगा पुण्याला. त्यानं आईच्या काळजीपोटी घरात अलार्म बसवून दिला. आता व्हायचं काय, रात्री दोन वाजता मोती उठून जिन्याकडे जायचा. भोंगा वाजायचा. पुण्याला मुलाचा फोन किणकिणायचा, तो घाबरून आईला फोन करायचा. या उठून दिवा लावायच्या, तर मोती शेपूट हलवत उभा. शेजारचे दिवे पहिल्या आठवड्यात लागले, दुसऱ्या आठवड्यात लागले, तिसऱ्या आठवड्यात लागणं बंद झालं. शेवटी मुलगा म्हणाला, “आई, एक तर अलार्म राहील, नाही तर मोती.” त्याचंही चुकत नव्हतं. तीनशे कोसांवरून त्याला दुसरं काय सुचणार?

गेटजवळ त्या मला भेटल्या. म्हणाल्या, “भाऊजी, मोतीला कोणाच्या शेतावर देऊ? तुमच्या ओळखीत कोणी आहे का?” म्हणताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी म्हटलं, “वहिनी, मोतीला कुठंच द्यायचं नाही. आधी मला सांगा, डबी कुठं लावली आहे?”

जाऊन पाहिलं. सेन्सर हॉलच्या कोपऱ्यात, तोंड थेट जिन्याकडे, खाली दिवाण. बसवणाऱ्या माणसानं घरात कुत्रा आहे का, हे विचारलंच नव्हतं. आणि रात्री झोपताना वहिनी ‘अवे’चं बटण दाबत होत्या, म्हणजे घरात कोणीच नाही असं त्या रोज यंत्राला सांगत होत्या. हे बटणही कोणी समजावून दिलेलं नव्हतं.

मग आम्ही मुलाला फोन लावून, तंत्रज्ञाला बोलावून तीन गोष्टी केल्या. एक, रात्री घरात माणूस असताना ‘स्टे’ किंवा ‘होम’ मोड. त्यात आतले मोशन सेन्सर झोपतात, दारं-खिडक्यांचे जागे राहतात. मोतीनं घरभर फेऱ्या माराव्यात, हरकत नाही. दोन, पुढचं दार, मागचं दार, स्वयंपाकघराचं दार आणि खालच्या खिडक्या यांना चुंबकाचे सेन्सर लावले. एक तुकडा पल्ल्यावर, एक चौकटीवर. दार उघडलं, दोघांत अंतर पडलं की निरोप जातो. दार कोणी उघडलं एवढंच त्याला कळतं, घरात कोण फिरतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तीन, हॉलमधला मोशन सेन्सर काढून कपाटाच्या खोलीत नेला. तिथं मोती जात नाही आणि बाहेर जाताना त्या खोलीचं दार बंद असतं. दिवाळीपासून आजपर्यंत त्या घरचा भोंगा एकदाही उगाच वाजला नाही. मोती कुठं आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. आत्ता मंडपाबाहेर प्रसादाच्या ताटाकडे पाहत बसला आहे.

यातून मला जे सांगायचं आहे ते एका वाक्यात सांगतो. घरात जनावर असेल तर घराची कड राखा, पोट राखू नका. चोर दारातून किंवा खिडकीतूनच येणार. त्याला तिथंच पकडा. घराच्या मधोमध पहारा ठेवला तर पहिला सापडतो तो आपलाच मोती.

चुंबकाचा सेन्सर लावताना आपल्याकडच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सागाचं असो की साधं, लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, पल्ला नीट बसत नाही, फट राहते आणि सेन्सरला दार उघडं वाटतं. म्हणून मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा दार तपासा. लोखंडी ग्रिलच्या दाराला साधा चुंबक चालत नाही, लोखंड त्याची ताकद खातं. लोखंडी दारासाठी वेगळा, जाड मिळतो, तोच मागा.

मनीचं, म्हणजे मांजराचं, काय? खरं सांगायचं तर, मांजर जिथं मोकळं फिरतं त्या खोलीत मोशन सेन्सर लावूच नये, तो कोणत्याही जातीचा असो. मांजराला मनाई शिकवता येत नाही. लावायचाच असेल तर ज्या खोलीचं दार बंद राहतं तिथं लावा. लहान कुत्रं असेल, पॉमेरेनियनसारखं, आणि ते जिना-दिवाण चढत नसेल, तर पेट-इम्यून सेन्सर चालतो. पण तो खोक्यात लिहिलेल्या उंचीवरच लावा. समोर सोफा, टेबल, पायऱ्या असं काही नको. आणि वाकवून खाली बघायला लावू नका, कारण वाकवला की बंद केलेले पट्टेही बिघडतात. बसवून झालं की ‘वॉक टेस्ट’ करून घ्या. टेस्टला टाकलं की हालचाल दिसताच डबीवरचा लाल दिवा लुकलुकतो. आधी स्वतः चाला. मग कुत्र्याला चालवा. बिस्किट दाखवून पळवा, सोफ्यावर चढवा, जिन्यावर न्या. दिवा लागला तर जागा बदला. तंत्रज्ञाला चहा जास्तीचा पाजा, पण ही परीक्षा झाल्याशिवाय बिलावर सही करू नका. बँकवाल्याचा सल्ला आहे, ऐका!

आता आपला उन्हाळा. ही यंत्रं बनवणाऱ्यानं नागपूर जिल्ह्याचा मे महिना पाहिला असेल असं वाटत नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंशांपर्यंत पारा गेला होता. पीआयआर सेन्सर अंग आणि भिंत यांच्या उष्णतेतला फरक पाहतो. माणसाच्या कातडीचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. हिवाळ्यात भिंत वीसवर असते, माणूस ठळक दिसतो. उन्हाळ्यात बंद घर तापून ३४-३५ वर आलं की माणूस आणि भिंत सारखीच! सेन्सर मंद होतो. चांगल्या कंपन्या तापमानाची भरपाई करणारी सोय देतात, ती आहे का हे विचारून घ्या. पण मे महिन्यात घर बंद करून लग्नाला गेलात तर केवळ मोशन सेन्सरच्या भरवशावर राहू नका. दाराचा चुंबक उन्हाला भीत नाही.

आणि कूलर. आपल्याकडे मार्च लागला की प्रत्येक खिडकीत डेझर्ट कूलर बसतो. त्याच्या वाऱ्यानं पडदे हलतात, कॅलेंडर फडफडतं, तापलेल्या खोलीत गार झोत शिरतो. हे सगळं सेन्सरच्या समोर नको. सेन्सर कूलरच्या वाऱ्यात, फ्रिजच्या वर किंवा उन्हाची तिरीप येते त्या भिंतीसमोर लावू नका. आणखी एक शत्रू आहे, पाल. ट्यूबलाइटचे किडे खायला ती येते आणि डबीच्या भिंगावरूनच सरपटते. दहा फुटांवरचा कुत्रा परवडला, भिंगावरची पाल नाही. डबी आणि भिंत यांतली फट, वायरचं भोक, हे सिलिकॉननं बंद करून घ्या आणि महिन्यातून एकदा मऊ कापडानं भिंग पुसा. आपल्याकडे ‘मोती वाजवतो’ म्हणून नोंदवलेले काही भोंगे पालीनं वाजवलेले असतात, हे मी पाहिलं आहे. मुक्या जनावरावर आळ फार लवकर येतो.

त्याच मुक्या जनावराच्या बाजूनं थोडं. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत, मांजराला त्याहून पुढचा. शंभर डेसिबलच्या वरचा सायरन आपल्याला कान झाकायला लावतो. त्यांना काय वाटत असेल? कुत्रं घाबरून आणखी पळतं, पळालं की सेन्सर पुन्हा वाजतो. म्हणून सायरन त्याच्या बसायच्या जागेजवळ नको, शक्यतो बाहेर, उंचावर असावा, आणि काही मिनिटांनी आपोआप बंद होईल असा असावा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियमही आहेत. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तासभर भोंगा वाजत राहिला तर चोर राहिला बाजूला, शेजारीच तक्रार करतील.

आता कार्यकारिणीसाठी दोन शब्द. मागच्या बैठकीत दोन सूचना आल्या. एका गटानं म्हटलं, ज्यांच्याकडे जनावर आहे त्यांनी अलार्म लावू नये. दुसऱ्यानं म्हटलं, अलार्म लावायचा तर जनावर ठेवू नये. दोन्ही बाजूंचे लोक रात्रीची झोप मोडल्यामुळे वैतागलेले आहेत, हे मी समजू शकतो. पण भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की, सोसायटीला बहुमतानंसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. आणि सेन्सर वाजू नये म्हणून कुत्र्याला रात्रभर बाथरूममध्ये कोंडणं किंवा आखूड साखळीनं बांधून ठेवणं, हेही बरोबर नाही. अकारण फार वेळ बांधून ठेवणं, जागा अपुरी पडेल असं कोंडणं, सोडून देणं, या गोष्टी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात गुन्हा आहेत. गंमत पाहा, आपली सोसायटी ज्या सहकारी संस्था अधिनियमाखाली चालते, त्याच्या नावापुढेही १९६० हेच साल आहे. दोन्ही कायद्यांना एकत्र नांदता येतं, तर आपल्याला का येऊ नये?

तेव्हा बंदीऐवजी मी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, नोंदवही. चौकीदाराकडे एक रजिस्टर ठेवा. भोंगा वाजला की तारीख, वेळ, घर क्रमांक, कोणत्या खोलीचा सेन्सर आणि कारण काय सापडलं, एवढं लिहायचं. पॅनेलवर कोणता झोन वाजला ते दिसतं. महिनाभरात चित्र स्पष्ट होतं. दुपारी चारलाच वाजतो? ऊन पाहा. पावसातच वाजतो? दार पाहा. लाइट जाऊन आली की वाजतो? पॅनेलची बॅटरी पाहा. या बॅटऱ्या आपल्या उष्णतेत लवकर थकतात. आणि रात्री दोनलाच वाजतो? मग मोतीला विचारा. हिशोब लिहिला नाही की सगळा दोष कुत्र्याच्या खात्यात जमा होतो.

दुसरी, कोण उठणार हे ठरवा. ज्यांच्याकडे अलार्म आहे त्यांनी दोन शेजारी नेमून घ्यावेत. आपल्यापैकी कोणी परगावी असेल तर किल्ली कोणाकडे, जनावराला खाणं-पाणी कोण घालणार, आणि मोती ओळखतो असा माणूस कोण, हे कागदावर असावं. अनोळखी माणूस मदतीला आत गेला आणि कुत्र्यानं त्याला धरलं, तर दुसराच प्रसंग उभा राहील. दार फोडल्याची खूण दिसली तर आत जाऊ नका, ११२ लावा. आपण सत्तरीतली माणसं, चोराशी झोंबाझोंबी करायची आपली वयं राहिली नाहीत.

तिसरी, नवीन अलार्म बसवणाऱ्यानं आधी शेजाऱ्यांना सांगावं आणि तंत्रज्ञाला घरातलं जनावर दाखवावं. ते केवढं आहे, कुठं झोपतं, कशावर चढतं. हा प्रश्न जो तंत्रज्ञ विचारत नाही, त्याच्याकडून काम करून घेऊ नये.

कोणी विचारेल, मग कुत्रं असताना सेन्सर हवाच कशाला? भुंकतं की ते! बरोबर आहे. मोती भुंकला तर शेजारी ऐकतात. पण मोती आता आठ वर्षांचा आहे, त्याला झोप गाढ लागते, आणि बिस्किट देणारा प्रत्येक माणूस त्याला चांगला वाटतो. दुसरं म्हणजे, मोती पुण्याला फोन लावू शकत नाही. उलट, सेन्सरला वहिनींच्या पायाशी बसता येत नाही. यजमान गेल्यावर त्या घरात संध्याकाळी कोणाशी बोलायचं, हा प्रश्न कोणत्याही डबीनं सोडवलेला नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. एकाला दुसऱ्याच्या जागी बसवायला गेलो की गोंधळ होतो.

आणि मुलांना, जी हे स्मरणिकेत वाचतील त्यांना, एक विनंती. आई-वडिलांच्या घरात यंत्र पाठवताना सोबत एक दिवस स्वतः या. बटणं समजावून द्या, टेस्ट करा, शेजाऱ्यांची ओळख ठेवा. कुरिअरनं सेन्सर येतो, भरवसा येत नाही. तो इथंच, समोरासमोर तयार करावा लागतो. पंचवीस वर्षांत या सोसायटीनं तो तयार केला आहे. रात्री एखाद्याचा भोंगा वाजला की समोरच्या घरात दिवा लागतो, ही आपली खरी कमाई आहे. खोट्या भोंग्यांनी ती खर्चून टाकू नका. पन्नासाव्या वर्षी मी नसेन, पण तेव्हाही तो दिवा लागला पाहिजे.